फेरी झाल्याशिवाय किल्ली नाही

आमच्या लॉजच्या रजिस्टरमध्ये एका पानावर घोडीचं नाव आहे. पाहुण्यांच्या रकान्यात, आणि तेही माझ्या अक्षरात. मागे एकदा पोलीस ठाण्यातून एक तरुण हवालदार नेहमीच्या तपासणीला आला होता. पानं उलटता उलटता त्याचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. ही शेवंती कोण, हिचं आडनाव का नाही, आधार कार्डाची प्रत कुठे, असं त्यानं एका दमात विचारलं. मी म्हटलं, साहेब, ती घोडी आहे, बाहेर बांधलीय, बघा हवं तर. तो खरंच जाऊन बघून आला, सही केली आणि चहा पिऊन गेला. त्याला सगळं समजावायचं तर मामांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि मामा काही एका चहात संपणारे नव्हते.

मामा म्हणजे लॉजचे मालक. माझे ते कोणी लागत नव्हते, पण सगळा मुलूखच त्यांना मामा म्हणायचा, मग मी काय वेगळं म्हणणार. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात घोडे पाळणारे बरेच आहेत. कोणी वरातीला देतात, कोणी शूटिंगला, कोणी रेसमधून काढलेले घोडे आणून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना बसवतात. मामांनी तीस वर्षं वरातीला घोडी दिली. कल्याण, भिवंडी, पार वाड्यापर्यंत. घोडीच्या तोंडाशी लाल कोट घालून जो माणूस चालतो आणि ज्याच्याकडे लग्नात कोणी बघत नाही, तो माणूस म्हणजे मामा. गुडघा गेला तेव्हा त्यांनी तो धंदा बंद केला, किन्हवलीच्या पुढं स्वतःच्या माळावर चार खोल्या बांधल्या आणि फाटकावर पाटी लावली: 'फक्त जोडप्यांसाठी'.

झालं. गावात नको नको ते बोललं गेलं. मामी, म्हणजे त्यांची बायको, गावातल्या घरात राहायची आणि दर दोन दिवसांनी सुकट नाहीतर भाजी घेऊन माळावर भांडायला यायची. ती तर तोंडावरच म्हणायची, तीस वर्षं नवरे मंडपापर्यंत पोचवले, आता पुढचंपण बघायला बसलाय. मामा हसायचे आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायचे.

मी तिथं लागले तेव्हा चौतीस वर्षांची होते. माहेर आसनगावला, एक लग्न अडीच वर्षांत मोडलेलं. मोडलं म्हणजे मारहाण, दारू असलं काही नव्हतं. डोंबिवलीतल्या त्या घरात भाजी कुठली आणायची इथपासून मी कुठली साडी नेसायची इथपर्यंत सगळं ठरलेलं असायचं आणि मी हळूहळू बोलायचीच बंद झाले, एवढंच. लोकांना सांगायला हे कारण अगदीच हलकं पडतं. परत आल्यावर घरात बसून वहिनीची तोंडं बघण्यापेक्षा काम बरं, म्हणून मी स्कूटी घेऊन रोज माळावर जायला लागले. बुकिंग घ्यायचं, कार्डं तपासायची, रजिस्टर लिहायचं. चार वर्षं मी हे केलं, आणि त्या चौथ्या वर्षी मला एका माणसाला हो की नाही ते सांगायचं होतं. ते पुढं येईलच.

आधी मामांची तऱ्हा सांगते. खोल्यांना नंबर नव्हते. ज्या झाडाखाली खोली, त्या झाडाचं तिला नाव. काजूची, आंब्याची, जांभळाची आणि मोहाची. काजूची स्वयंपाकघराला चिकटून, सकाळी सहाला भांड्यांचा आवाज कानात. मोहाची सगळ्यात लांब, ओहोळाच्या काठावर. तिच्या ओट्यावर बसलं की समोर माहुलीचा डोंगर आणि मधे दुसरं काहीच नाही. चारी खोल्यांचा दर एकच. कोणाला कुठली द्यायची ते मामा ठरवणार, आणि तेही पाहुणे आल्यावर. मी बुकिंगवर आधीच खोली लिहिली की ते मला खोडायला लावायचे.

फोन मी घ्यायचा असं ठरलं होतं, कारण मामांनी घेतला की पाहुणा हातचा जायचा. ते पहिलाच प्रश्न विचारायचे, "दोघं बोलता ना एकमेकांशी?" समोरचा बिचारा स्विमिंग पूल आहे का ते विचारत असायचा. लग्न झालंय का, हे मात्र त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. मला सांगून ठेवलं होतं, दोघांची कार्डं घे, वय बघ, बास. बाकी आपल्याला काय करायचं.

एका फेब्रुवारीत मला हौस आली. आजूबाजूची रिसॉर्टं पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढतात, फोटो टाकतात, मग आपण का नाही. मी कल्याणच्या बाजारातून पाकळ्या मागवल्या, मोहाच्या खोलीत तासभर वाकून बदाम काढला, आणि वारा यावा म्हणून खिडकी उघडी ठेवून पाहुण्यांना घ्यायला फाटकावर गेले. परत आले तर शेवंतीची मान खिडकीतून आत आणि अर्धा बदाम पोटात. मी कपाळावर हात मारला. मामा म्हणाले, बरं झालं, तिच्या उपयोगी तरी आल्या. पाहुणे मात्र खूश झाले. त्यांनी उरलेल्या अर्ध्या बदामाचा घोडीसकट फोटो काढला.

शेवंती ही वरातीतली घोडी, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली, पांढरी स्वच्छ, वयानं तेव्हाच पोक्त. मामांच्या कोटाच्या उजव्या खिशात तिच्यासाठी गूळ असायचा. त्याच खिशातला गूळ ते पाहुण्यांनाही द्यायचे, आधी घोडीला, मग त्याच हातानं माणसांना. मुंबईची माणसं एकमेकांकडे बघायची. पण नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही, कारण गूळ देताना मामा लाल कोटात असायचे आणि फेरी व्हायची बाकी असायची.

तर ही फेरी. फेरी झाल्याशिवाय किल्ली नाही, हा मामांचा एकच नियम. पाहुणे आले, पाणी प्यायले, की मामा आत जाऊन तो वरातीचा जुना कोट चढवून यायचे. सोनेरी बटणांतली दोन गेलेली, कोपरावर ठिगळ. मग दगडी ओट्यावरून बाईला शेवंतीवर बसवायचं आणि दोर तिच्या माणसाच्या हातात द्यायचा. हौदापासून निघून माळाच्या टोकाला करंज आहे तिथं वळसा घालायचा आणि परत हौदापाशी यायचं. मामा हौदाला टेकून उभे. फेरी झाली की बाईला हात देऊन उतरवायचे, क्षणभर थांबायचे आणि मला झाडाचं नाव सांगायचे. आंबा. नाहीतर काजू. मी किल्ली द्यायची.

पुरुषांनाही बसायचं असायचं. मामा सांगायचे, तुमचं लग्नात झालंय नाहीतर व्हायचंय.

हे खूळ कुठून आलं ते मी एकदा विचारलं होतं. मामा शेवंतीला खरारा करत होते, हात न थांबवता बोलले. भिवंडीकडचं एक लग्न होतं. वरात मंडपाच्या दारात आली, नवरा उतरला, नवरी हार घेऊन समोर उभी. घोडी वळवायला मामा पुढं झाले तर ती नवरी हळूच त्यांना म्हणाली, मामा, मला एकदा बसायला मिळेल का. आसपासच्यांनी ऐकलं. तिचा बाप हसला, नवरा हसला, बेंजोवाले हसले.

"मीपण हसलो गो," मामा म्हणाले. "हातभरावर उभी होती ती. तिचं तोंड मी बगितलं. मला काय लागत होतं बसवायला? दोन मिन्टं."

मग ते बराच वेळ खरारा करत राहिले. मी विषय बदलला.

पण माझं डोकं स्वस्थ बसणारं नाही. बसवायचं ते ठीक, पण मामा खोली कशावरून देतात? मला त्यानं पछाडलंच. मी कामं टाकून प्रत्येक फेरी बघायला लागले, आणि बघता बघता माझे नियम तयार झाले. दोर ढिला धरणारा चांगला, ताणून धरणारा वाईट. मागं वळून बायकोकडे बघणारा चांगला, मोबाइलकडे बघणारा वाईट. करंजाच्या अलीकडे पाण्याचा चर आहे, तिथं थांबून सांगणारा उत्तम. मी मनातल्या मनात खोली ठरवायची आणि मामा काय म्हणतात त्याच्याशी ताडून बघायची. दहातले सहा-सात बरोबर यायचे, उरलेले साफ चुकायचे. एकानं चरापाशी बायकोची चप्पल सावरून दिली, मी म्हटलं मोहाची पक्की, तर मामा म्हणाले काजू. मी विचारायची, अहो मामा, तुम्ही बघता तरी काय? त्यांचं उत्तर ठरलेलं.

"बगतो गो काय ते."

आता आठवलं की वाटतं, मी चार वर्षं डोळे उघडे ठेवून आंधळी होते. मामा बादली सोडून पाणी बाहेर ओतायचे. मोबाइल माझ्यासमोर धरायचे आणि वाच म्हणायचे. एकदा कुंपणावर वाळत घातलेल्या माझ्या रेनकोटला त्यांनी या, बसा म्हटलं होतं. मी म्हातारपणाच्या नावावर सगळं खपवलं आणि पोट धरून हसले.

भातसानगरचं जोडपं आलं तेव्हा तर माझे सगळे नियम पाण्यात गेले. धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघं साठीच्या पुढचे. लग्नाच्या वाढदिवसाला मुलीनं बुकिंग करून जवळजवळ ढकलूनच पाठवलेले. काकू चांगल्या अंगानं भरलेल्या, चष्मा, डोक्याला रुमाल. त्यांना वर चढवताना मी आणि मामा दोघांनी जोर लावला. काकांनी दोर धरला तो घट्ट, आणि तोंड सुरू. नीट बस. वाकू नकोस. तुला सांगितलं होतं पंजाबी ड्रेस घाल. मी मनात म्हटलं, काजू, आणि तीही उपकार म्हणून.

ते करंजापाशी पोचले आणि पलीकडच्या पाड्यात हळदीचा बेंजो सुरू झाला. शेवंतीचे कान उभे राहिले. वरातीतली घोडी ती. बाजा वाजला की तिला एकच कळतं, मंडप गाठायचा. आणि पाठीवर माणूस आहे म्हणजे नवरा आहे, त्याला दारात पोचवल्याशिवाय थांबायचं नाही. ती वळली, दोन पावलं पुढं, एक झटका, परत दोन पावलं, अशी वरातीच्या चालीनं कापलेल्या भातशेतातून निघाली. काकांच्या हातातून दोर सुटला. सुटला कसला, त्यांनी घाबरून सोडलाच. मग ओरडत मागं धावले. त्यांच्या मागं मी. मामा हौदापाशीच राहिले, गुडघ्यानं धावणार कसे.

मी पोचले तर पाड्यावर वेगळाच सोहळा. हळदीच्या मांडवात अचानक पांढऱ्या घोडीवरून चष्मेवाल्या काकू आल्या, पुढं ना मागं कोणी. लोकांना वाटलं, मुलाकडच्यांनी काहीतरी गंमत ठरवलीय. बायकांनी पुढं होऊन घोडीच्या पायावर पाणी घातलं, काकूंना कुंकू लावलं. घोडी नाचतेय म्हटल्यावर बेंजोवाल्यांना तर चेवच आला. काकूंनी एका हातानं खोगीर धरलं होतं आणि दुसरा हात वर करून त्या नाचत होत्या. काका धापा टाकत आले. एक चप्पल शेतातच राहिलेली.

"उतर आता," ते म्हणाले. "लोक बघतायत."

"थांबा हो," काकू वरून म्हणाल्या, "हे गाणं संपू दे."

 मग कोणीतरी काकांना खुर्ची दिली आणि दोन्ही गालांना हळद फासली. येताना शेवंतीचा दोर मी धरला, काका एका पायात चप्पल घालून मागून चालत होते आणि वाटभर बोलत होते, हे काय वय आहे का, पडली असतीस म्हणजे. हौदापाशी मामांनी काकूंना हात देऊन उतरवलं आणि क्षणभर थांबले.

"मोह," ते म्हणाले.

मी तिथंच वाद घातला. अहो, त्यानं दोर सोडला, बायकोवर ओरडला, अजून ओरडतोय. त्याला मोह? मामा कोट काढत म्हणाले, बगतो गो काय ते. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर काकूंच्या मांडीवर पाय ठेवून काका पडले होते आणि काकू त्यांच्या तळव्यातले काटे काढत होत्या. दोघांच्या बोलण्याला खंड नव्हता. मी ट्रे ठेवून निघून आले, पण कोडं काही सुटलं नाही.

आता माझं. त्याच वर्षी दादानं बदलापूरचं एक स्थळ आणलं. त्याचंही पहिलं लग्न मोडलेलं, नोकरी चांगली, बोलणं मऊ, दिसायला व्यवस्थित. आमचं दोन महिने फोनवर बोलणं झालं. त्यानं कधी आवाज चढवला नाही, कधी वेळ चुकवली नाही. दादा म्हणत होता, आता काय सोन्याचा शोधणार आहेस? आई काही म्हणत नव्हती, पण तिची नजर सारखी माझ्यावर असायची. मुलाकडच्यांना आणखी एक ठिकाण सांगून आलं होतं, म्हणून रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं ठरलं. नाही म्हणायला माझ्याकडे एकसुद्धा कारण नव्हतं. पहिल्या वेळी कारण हलकं पडलं म्हणून मी चार वर्षं बोलणी खाल्ली होती. या वेळी कारण नसताना नाही कसं म्हणायचं?

म्हणून मी त्याला शनिवारी माळावर बोलावलं. फेरी करू म्हटलं. इतकी वर्षं मी कधी शेवंतीवर बसले नव्हते, कारण माझा दोर धरायला कोणी नव्हतं. फेरीच्या गोष्टी मी त्याला फोनवर हसत हसत पुष्कळ सांगितल्या होत्या, माझ्या नियमांसकट. मामांची परीक्षा तो पास झाला तर मी हो म्हणणार, हे मी मनात पक्कं केलं होतं. माझ्या आयुष्याचा निकाल मी एका म्हाताऱ्यावर आणि एका घोडीवर सोपवला होता, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तो अकराला आला. येताना घोडीसाठी गूळ आणला. मामांच्या पाया पडला. फेरीला निघण्याआधी मोबाइल बंद करून माझ्या हातात दिला. दोर ढिला धरला. मी वरून मोजत होते, दर दहा-बारा पावलांनी तो मागं वळून बघायचा आणि बरं वाटतंय ना, असं विचारायचा. चरापाशी थांबला, सांभाळ म्हणाला. माझे सगळे नियम त्यानं एकामागून एक पाळले. मी वर बसून टिकमार्क करत होते. करंज आला, गेला. हौदापाशी आल्यावर त्यानं दोर मामांच्या हातात दिला आणि त्यांनाच विचारलं, "बरोबर झालं ना मामा?"

मामांनी मला हात देऊन उतरवलं. क्षणभर थांबले. मग त्याला म्हणाले, छान धरलास हो दोर, आणि खिशातला गूळ दिला. तो जेवून, सगळ्यांना नमस्कार करून तीनच्या सुमाराला गेला. जाताना मला म्हणाला, उद्या तुझ्या फोनची वाट बघतो.

फाटक लावून मी थेट मामांकडे गेले. ते शेवंतीचं खोगीर काढत होते.

"मामा, आम्हाला कुठली खोली दिली असती?"

ते पट्टा सोडवत राहिले. मी परत विचारलं.

"काजूची," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, त्यानं काय चुकीचं केलं ते सांगा. दोर ढिला होता की नाही? वळून बघत होता की नाही? चरापाशी थांबला की नाही?

"थांबला असंल," मामा म्हणाले. "मी नाय बगितलं."

"म्हणजे?"

"मला हौदाच्या पलीकडं दिसत नाय गो. लय दिवस झाले. पांढरं पांढरं दिसतं, त्यात घोडी गेली की गेली."

 मग माझ्या डोळ्यांसमोरून बादली गेली, मोबाइल गेला, रेनकोट गेला. मी विचारलं, मग इतके दिवस खोल्या कशावरून दिल्यात?

"बाईच्या तोंडावरनं. इथं उतरताना बगतो. हातभरावरचं दिसतं मला. बापय माणूस दोर कसा धरतो त्याच्याशी मला काय करायचं? तो कसापण धरील. वर बसून आलेली बाई आधीपेक्षा बरी दिसते का, एवढंच बगायचं."

"आणि मी?"

खोगीर खाली ठेवून ते हौदाच्या कडेवर टेकले.

"तो वाईट माणूस नाय," ते म्हणाले. "पण तू तोंड नेलंस तसंच परत आणलंस."

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. लाज सोडून रडले. तो माणूस मला आवडत नव्हता. दोन महिने आवडत नव्हता. न आवडायचं कारण सापडत नव्हतं म्हणून मी हो म्हणणार होते, आणि पुन्हा कुठल्या तरी घरात हळूहळू बोलायची बंद होणार होते. मामांनी खिशातून गूळ काढला, आधी शेवंतीला दिला, मग त्याच हातानं मला.

थोड्या वेळानं ते उठले आणि खोगीर परत शेवंतीवर चढवायला लागले. मी म्हटलं, कोण आलंय? ते म्हणाले, बस. मी म्हटलं, आणि दोर कोण धरणार? त्यांनी दोर गुंडाळून खोगिराला अडकवून टाकला.

"तिला वाट ठावी हाय," ते म्हणाले.

मी बसले. शेवंती आपापली निघाली. पुढं पाठ दिसत नव्हती कोणाची, वळून विचारणारं कोणी नव्हतं. आधी मी खोगीर इतकं घट्ट धरलं की बोटं दुखली. मग करंजापाशी आल्यावर सोडलं. उन्हं कलली होती, माहुली समोर स्वच्छ दिसत होती, आणि सकाळीच मी याच वाटेनं गेले होते तेव्हा तो डोंगर मला दिसलासुद्धा नव्हता. सकाळी मी नुसता दोर बघत होते. चरापाशी शेवंती स्वतःहून थांबली आणि मान वळवून तिनं माझा गुडघा हुंगला, गूळ आहे का ते बघायला. मला हसू फुटलं. एकटीच, घोडीवर बसून, माळावर मी मोठ्यांदा हसत होते. भाताचे पेंढे बांधणाऱ्या दोन बाया कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

हौदापाशी मामांनी हात दिला. मी उतरले. त्यांनी आपला चेहरा माझ्या अगदी जवळ आणला, डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघितलं. मग लंगडत आत जाऊन खिळ्यावरून किल्ली घेऊन आले. मोहाची.

मी म्हटलं, "मामा, फक्त जोडप्यांसाठी ना?"

ते विचारात पडले. नियम म्हणजे नियम, त्यांचा स्वतःचाच. मग त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं आणि लिही म्हणाले. पहिलं नाव माझं लिहिलं. दुसऱ्या नावापाशी पेन थांबलं तसं ते शेवंतीकडे हात करून म्हणाले, "तिचं लिव. गेली नाय का बरोबर?"

मोहाच्या ओट्यावर बसून मी दादाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नाही, मला नको आहे. तो पुष्कळ बोलला, मी सगळं ऐकलं आणि परत तेच सांगितलं. मग आई फोनवर आली. तिनं विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, जेवते. रात्रीची राहतेय इथंच.

पुढच्या महिन्यात मी आणि मामीनं मिळून मामांना डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं. सुईच्या नावानं ते लहान पोरासारखे घाबरत होते. पट्टी निघाली आणि त्यांना माळ पार करंजापर्यंत दिसायला लागला. पहिल्याच फेरीत त्यांचा घोळ झाला. नवरा कसा चालतो, दोर कसा धरतो, सगळं दिसत होतं, आणि बाई उतरल्यावर त्यांना झाडाचं नावच सुचेना. दुसऱ्या फेरीला ते हौदापाशी माळाकडे पाठ करून उभे राहिले. मग कायम तसेच उभे राहायला लागले. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा रुसलाय.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. लॉज मामी आणि मी चालवतो. शेवंती थकलीय, पण करंजापर्यंत जाऊन येते. लाल कोट मला फार मोठा होतो म्हणून मी बाह्या दुमडते. जोडपं आलं की बाईला ओट्यावरून वर बसवते, दोर त्या माणसाच्या हातात देते, आणि ते निघाले की हौदाला टेकून माळाकडे पाठ फिरवते. टापा परत जवळ आल्या की वळते आणि तिला उतरायला हात देते.